लसावि सर

शिरूरच्या एखाद्या लग्नात पाचशे तीन रुपयांचा आहेर आला, की तो कुणाचा हे पाकिटावरचं नाव न वाचता सांगता येतं. आत पाचशेची एक करकरीत नोट आणि रुपयाची तीन नाणी. आहेर लिहायला बसलेला पोरगा नवा असला तर सवयीनं ५०१ लिहितो आणि वरचे दोन रुपये कुणाचे म्हणून बाजूला काढून ठेवतो. पंगत बसायच्या आत सर वहीपाशी हजर होतात.

“पाचशे एक कसे लिहिलेस रे? पाच आणि एक सहा. म्हणजे तीननं भाग गेला. तीन गुणिले एकशे सदुसष्ट! नव्या जोडप्याला पहिल्याच दिवशी फोड करून द्यायची का?”

महागाईनं सरांचं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते इथं. अकराचा आहेर होता तोवर चिंता नव्हती, अकरा मूळ संख्या. एकवीस आणि एक्कावन्न सरांनी ओलांडले, कारण एकवीसमध्ये तीन-सात बसलेले आणि एक्कावन्नात तीन-सतरा. मग आले एकशे एक. तो सरांचा सुवर्णकाळ. पुढे एकशे एक्कावन्न, दोनशे एक्कावन्न, दोन्ही चोख. पण समाज पाचशे एकवर गेला आणि सर पाचशे तीनवर. आता जवळच्या नात्यात एक हजार एक द्यावे लागतात. सर एक हजार नऊ देतात. “हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. तिघांनी पोखरलेली संख्या. वरून कशी दिसते बघा, जसं काही घडलंच नाही!”

असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावाला एखादा असतोच. तो निवृत्त शिक्षक असतो, गणिताचा असतो, आणि शाळेतून निवृत्त झाला तरी पाचवी-सहावीच्या पुस्तकातल्या एका धड्यातून निवृत्त व्हायला तयार नसतो. कुणी त्रैराशिकात अडकलेला, कुणी चक्रवाढ व्याजात. आमचे सर विभाजक, विभाज्य आणि मूळ संख्या यांत अडकले. त्यांना निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळाली. “दोन गुणिले एकोणतीस,” निरोपसमारंभात ते म्हणाले, “एकोणतीस वर्षं शिकलो, एकोणतीस वर्षं शिकवलं.” साठी त्यांनी साजरी करू दिली नाही. साठाला बारा विभाजक, त्यात कसला मान? “उभ्या महाराष्ट्रानं साठी सोडून एकसष्ठी का धरली? कारण एकसष्ठाला भाग जात नाही!” एकसष्ठीला मात्र शाल, श्रीफळ, फोटो, सगळं झालं.

‘लसावि’ हे नाव त्यांना मुलीच्या लग्नानंतर चिकटलं. मुलगी दौंडला दिली. जावई रेल्वेत. त्यांची सुट्टी फिरती, दर सहाव्या दिवशी. इकडे सरांच्या पत्नीचं, म्हणजे बाईंचं, भजनी मंडळ दर सातव्या दिवशी, आणि त्याच दिवशी ताल धरायचा सोडून कुठं जायला बाई राजी नसत. सरांनी दोन्हींच्या पाढ्यांच्या दोन ओळी मांडल्या. सहाचे विभाज्य, सातचे विभाज्य. पहिली गाठ, म्हणजेच लसावि, बेचाळीसवर. जावयाची सुट्टी आणि भजनाचा दिवस एकावर एक येणार तो दर बेचाळीसावा दिवस टाळून दौंडवाऱ्यांचं वर्षभराचं वेळापत्रक तयार झालं. आणि एकदम ते कपाळावर हात मारून उठले. “अगं, दौंडच्या गाड्यांवर एमएच ४२ असतं! आपल्या एमएच १२. बारा आणि बेचाळीसचा मसावि किती? सहा. म्हणजे जावईबापूंची सुट्टी!” बाई म्हणाल्या, “मग आता आरटीओला कळवा.” दुसऱ्या दिवशी ही गोष्ट एसटी स्टँडपर्यंत गेली आणि सर लसावि सर झाले. मुलगी फोनवर म्हणते, “बाबा, सहज या की कधीतरी.” सर म्हणतात, “सहज वहीत बसत नाही.”

शिरूर आणि दौंड या दोन गावांविषयी सरांनी जो सिद्धान्त मांडला आहे, तो दोन्हीकडच्या माणसांनी मनावर घेतलेला नाही, पण तो तपासून पाहिला तर खरा निघतो. सिद्धान्त पिनकोडवर उभा आहे. शिरूरचा पिनकोड ४१२२१०. शेवटी शून्य. म्हणजे दोननं भाग जातो, पाचनं जातो, कुणालाही वाटावं की गडी मवाळ आहे. दहानं भागलं की उरतात ४१२२१. इथून पुढं मात्र तीन नाही, सात नाही, अकरा नाही. सरांनी २०३ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे छेचाळीस मूळ संख्या लावून पाहिल्या. दोनशे तीनच का? “कारण त्याचं वर्गमूळ तिथंच येतं. एक भाग वर्गमुळाहून मोठा असेल तर जोडीचा लहान असणारच, आणि तो आधीच सापडला असता. फुकट हमाली करायची नाही.” एकानंही भाग गेला नाही. ४१२२१ मूळ संख्या.

दौंडचा पिनकोड ४१३८०१. दिसायला दरारा. शेवटी एक, अंकांची बेरीज सतरा, दोन-तीन-पाच दारातूनच परत. सात, अकरा, तेरा, सतराही परत. आणि एकोणीस लावला की गडगडतो. १९ गुणिले २९ गुणिले ७५१.

“बघा,” सर पारावर बसल्या बसल्या म्हणतात, “शिरूरचा माणूस वरून मऊ, आतून फुटायचा नाही. दौंडचा वरून कडक. तिथं राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, नंबर पाच आणि सात. पाच-सात, म्हणजे जोडमूळ संख्या, कडक असणारच. पण गाव पडलं जंक्शन. तीन फाटे फुटणारच, पुणे, सोलापूर, मनमाड.”

“आणि बारामतीची लाइन, सर?” कुणीतरी विचारतंच.

“तो एक. एकानं सगळ्यांनाच भाग जातो.”

यावर पारावर जो हशा पिकतो त्याचं कारण सरांना कळतं की नाही, हे आजवर कळलेलं नाही.

घरात सरांची चाळणी भिंतीवर टांगलेली असते. चाळणी म्हणजे एराटोस्थेनिसची. हा ग्रीक गृहस्थ दोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेला, की संख्या ओळीनं लिहा, दोन ठेवा आणि दोनचे पुढचे विभाज्य खोडा, तीन ठेवा आणि तीनचे खोडा, असं करत गेलं की न खोडलेल्या उरतात त्या मूळ संख्या. एक मात्र आधीच बाजूला. तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही. सरांनी त्यासाठी कालनिर्णय निवडलं. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं आणि १९७३ ही मूळ संख्या आहे, एवढं कारण त्यांना पुरलं. दर महिन्याच्या एक तारखेला सर खुर्चीवर चढून मूळ तारखांना लाल गोल करतात. एकतीस दिवसांचा महिना असेल तर अकरा गोल, तीस दिवसांचा असेल तर दहा.

अडचण इतकीच, की बाई दुधाचा खाडाही लाल गोलानंच मांडतात. महिनाअखेरीला बाई भजनाला गेल्या असताना दूधवाला हिशोबाला आला. सरांनी भिंतीकडे पाहून सांगितलं, “अकरा दिवस खाडा.” दूधवाला म्हणाला, “सर, अकरा दिवस दूध न्हाई, मग चहा कशाचा पिलात?” प्रश्न बिनतोड होता. सरांनी तारखा वाचायला सुरुवात केली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा... एकोणीसपर्यंत येईतो त्यांचा आवाज बारीक झाला. तेव्हापासून घरात दोन कालनिर्णय असतात. एक गणिताचं, एक दुधाचं. गणिताचं स्वयंपाकघरात आणायला बंदी आहे.

वर्गात मात्र हाच माणूस राजा होता. एक्क्याण्णव ही मूळ संख्या म्हणणाऱ्या पोराला त्यांनी कधी मारलं नाही. “शेवटचा अंक उचल. त्याची दुप्पट कर. उरलेल्यातून वजा कर. नऊतून दोन गेले, सात. सातनं भाग जातो. सात तेरं एक्क्याण्णव, पाढ्यातच होतं की रे!” सत्तावन्नला चुकणाऱ्याला तर ते पाठीवर हात ठेवत. अलेक्झांडर ग्रोथेंडीक हा विसाव्या शतकातला केवढा मोठा गणिती, त्याला म्हणे कुणीतरी मूळ संख्येचं उदाहरण मागितलं आणि तो सत्तावन्न म्हणून गेला, अशी आख्यायिका आहे. एकोणीस त्रिक सत्तावन्न. “तेव्हा तू आज मोठ्या माणसाच्या रांगेत बसलास. उद्या उठ.”

त्यांचं खरं दैवत मात्र देवळालीचं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्मले, जन्मभर देवळालीत शाळामास्तर होते, आणि आकड्यांशी खेळता खेळता जगाच्या पुस्तकात जाऊन बसले. शाळामास्तर हा शब्द उच्चारताना सर थांबतात, ऐकणाऱ्याला तो नीट ऐकू जावा म्हणून. दौंड स्टेशनात मनमाडकडे जाणारी गाडी दिसली की ते हात जोडतात. लोकांना वाटतं शिर्डीसाठी.

न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणाऱ्या एसटीत शेजारी कोण बसणार, यावर त्या माणसाचं पुढच्या तासाभराचं भवितव्य ठरतं. एकदा एक कांद्यावाले पाव्हणे बसले होते. सरांनी त्यांच्या खिशातली आडत्याची पट्टी मागून घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूला १७२९ लिहिलं.

“हा रामानुजनचा आकडा. सात गुणिले तेरा गुणिले एकोणीस. आता याचे अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजा करा.”

९७२१ वजा १२७९. ८४४२. पुन्हा तेच केलं, ५९९४. मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२. पाव्हण्यांनाही चव लागली, वजाबाकी तेच तोंडी करू लागले. पारगावच्या पुलावर भीमा दिसली तेव्हा सातवी वजाबाकी झाली आणि ६१७४ आलं.

“हा कापरेकरांचा स्थिरांक! चार अंक कुठलेही घ्या, सगळे सारखे नकोत, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथंच येणार. आणि एकदा आलं की इथंच राहणार. आता याच्या अंकांची बेरीज करा. सहा, एक, सात, चार. अठरा. अठरानं भागा. ३४३. म्हणजे सात सात सात! अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी हर्षद म्हटलं. त्यांचा स्थिरांक स्वतःच हर्षद आहे, पाव्हणं!”

पाव्हण्यांनी पट्टी उलटी करून पुढची बाजू पाहिली, पुन्हा मागची पाहिली. “सर, समदं बराबर हाय. पण ह्यो सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर कांद्याला क्विंटलमागं भेटला आसता तर आमीबी हर्षद झालो आसतो.”

सरांनी ही गोष्ट स्वतःच गावभर सांगितली. हशा आपल्यावर असला तरी उदाहरण चांगलं आहे, असं त्यांचं मत.

लोक हसतात, पण भावकीची वाटणी निघाली की सरांना बोलावतात. सरांचा त्यातला सिद्धान्तही साधा आहे. भाग जात नसेल तर एकक बदला. सातबारा हातात घेतला की ते आधी मथळ्यालाच नमस्कार करतात. “नमुना सात, नमुना बारा. सात आणि बारा सहमूळ. एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. सात छेद बारा हा अपूर्णांक आणखी लहान होत नाही. म्हणून सातबाऱ्याचं काम एका हेलपाट्यात होत नाही.”

न्हावऱ्याकडच्या एका वस्तीवर तिघा भावांत विहिरीलगतचा एक एकर अडला होता. एकराचे गुंठे चाळीस. चाळीसला आठ विभाजक, पण त्यांत तीन नाही. तेरा-तेरा-तेरा करून एक गुंठा उरायचा, आणि त्या एका गुंठ्यावरून तिघांचं बोलणं बंद होतं. सर बांधावर बसले. “एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. तीननं भाग जातो का? अंकांची बेरीज अठरा. जातो. तीनशे त्रेसष्ट चौरस फूट प्रत्येकी. अख्ख्या एकराचे चौदा हजार पाचशे वीस. संपला वाद.” मग पाण्याची पाळी आली. थ्री फेज लाइट आठ तास. आठाला तीननं भाग जात नाही. “तासांत का मोजता? चारशे ऐंशी मिनिटं. एकशे साठ मिनिटांनी मोटर दुसऱ्याकडे.” भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. एवढं सोपं होतं तर तीन वर्षं कोर्टात कशाला गेलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मग थोरल्यानं शेवटचा विषय काढला. म्हातारीचं काय? धाकटा म्हणाला, “त्यात काय सर, ते तर सोपंय. वर्षाचे म्हयने बारा. चार-चार म्हयने एकेकाकडं.”

म्हातारी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती.

सर बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “भाग जात नाही.”

“आवं सर, बारा भागिले तीन!”

“जात नाही म्हटलं ना.”

“तीन चोक बारा, सर. तुमीच शिकवलंय.”

“मीच शिकवलंय, म्हणून मीच सांगतोय. जात नाही.” आणि त्यांनी वही मिटली. म्हातारी विहिरीवरच्या जुन्या घरातच राहिली, तिथंच दोन वेळचं जेवण पोचवायचं ठरलं, आळीपाळीनं. उभ्या हयातीत सरांनी चुकीचं उत्तर दिलं ते एवढंच, आणि त्याबद्दल विचारलं की ते विषय बदलून लगेच पिनकोडवर येतात.

सध्या त्यांचा मुक्काम एका मोठ्या कामावर आहे. स्वतःचा मोबाइल नंबर मूळ आहे की संयुक्त, हे हातानं तपासायचं. दहा अंकी संख्या म्हणजे वर्गमूळ एक लाखाच्या आत. एक लाखाच्या आत मूळ संख्या ९५९२. तेव्हा जास्तीत जास्त तेवढे भागाकार, नंबर थोडा लहान असेल तर त्याहून काही कमी. दोनशे पानी वह्या आणल्या आहेत. सकाळी चहानंतर दहा, दुपारी झोपेऐवजी दहा. नातू दौंडहून सुट्टीला आला की आजोबांच्या शेजारी बसतो. त्यानं आजोबांना बातम्या पुरवल्या. २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी मूळ संख्या ओळखण्याची अशी रीत काढली, की सगळं जग थक्क झालं. २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली मूळ संख्या तर चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस अंकांची. सरांनी शांतपणे विचारलं, “हातानं?” नातू म्हणाला, “नाही, कॉम्प्युटरनं.” सर पुन्हा भागाकाराला लागले.

नातवानं त्यांचा नंबर फोनवर घालून उत्तर केव्हाच काढलं आहे. त्याला एक क्षण लागला. त्यानं ते आईला सांगितलं, आईनं बाईंना, जावयांनी रेल्वेतल्या सोबत्यांना. दौंडला ते सगळ्यांना ठाऊक आहे, शिरूरात निम्म्यांना. दूधवाल्यालाही. सर मात्र ऐकायला तयार नाहीत. कुणी तोंड उघडलं की हात वर करतात. “उत्तर नको. रीत चालू आहे.”

मी एकदा बाईंना विचारलं, तुम्ही तरी सांगून टाका, डोळ्यांना किती ताण. बाई गवार निवडत होत्या. म्हणाल्या, “मूळ संख्येला दोघांनीच भाग जातो म्हणतात ना? तसं यांचं आहे. एक ते स्वतः आणि एक मी. मी सांगितलं तर ऐकतील.”

“मग सांगा की.”

“आणि उद्यापासून माझा नंबर घेऊन बसले म्हणजे?”